फेरेट आणि ससे : पर्स नेट कोणती घ्यायची, कशी लावायची?

लाल_माती (श्रॉपशायर, इंग्लंड), रविवार रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. शेती विभागात टाकतेय कारण दुसरीकडे कुठे बसेल असं वाटत नाही.

तीन वर्षांपूर्वी आम्ही इथे साडेचार एकर जागा घेतली, खालच्या बाजूला सफरचंदाची चाळीस रोपं लावली आणि मागच्या हिवाळ्यात त्यातल्या अकरांची साल सशांनी बुंध्यापासून गोल खाऊन टाकली, म्हणजे ती झाडं गेलीच. कोबीचं तर बोलायलाच नको. विष-गॅस मला नकोय, बंदूक घरात नकोय. शेजारच्या म्हाताऱ्या शेतकऱ्याने त्याच्या दोन फेरेट माद्या दिल्या (फेरेट म्हणजे मुंगसासारखा लांबट पाळीव प्राणी, बिळात सोडला की ससे बाहेर पळतात) आणि म्हणाला जाळी तुमची तुम्ही आणा. मी तयार दहाचा संच मागवला, तीन फुटी, नायलॉनची, जी सगळ्यात स्वस्त दिसली ती.

आज सकाळी कुंपणाच्या बांधावर नऊ बिळांवर जाळी लावून फेरेट सोडल्या. एकूण सात ससे बाहेर आले. दोन नीट अडकले. एक आम्हाला न दिसलेल्या बिळातून निघून गेला. तीन जाळ्यावर आदळून मागे नाहीतर बाजूने सटकले. आणि एकाने तर खुंटीच उपटली आणि जाळ्यासकट खाजकुयलीसारख्या त्या नेटलच्या रानात घुसला. वीस मिनिटं शोधला तेव्हा सापडला. तो जीव तसा जाळ्यात गुंडाळलेला कुठेतरी पडून राहिला असता ही कल्पनाच सहन होत नाहीये, म्हणून लिहितेय. काय चुकलं?

नॉरफोकचा_नाना, रविवार रात्री १०:२५

ताई, पहिल्या दिवशी सातातले तीन म्हणजे वाईट नाही, पण जाळ्यासकट पळालेला ससा ही गोष्ट तुम्हाला लागली हे बरं झालं, ती लागलीच पाहिजे.

लावलेल्या जाळ्याचा एखादा फोटो आहे का? आणि तीन गोष्टी सांगा, बिळाचं तोंड किती रुंद होतं, खुंटी बिळाच्या कुठल्या बाजूला ठोकली होती, ससा आदळला तेव्हा तुम्ही कुठे उभ्या होतात.

लाल_माती, रविवार रात्री १०:५०

फोटो टाकलाय. बिळं काही वीतभर, काही त्याहून मोठी. खुंटी जिथे माती मऊ लागली तिथे ठोकली. आणि मी समोरच उभी होते, म्हणजे ससा आला की पटकन धरता यावा म्हणून.

नॉरफोकचा_नाना, सोमवार सकाळी ७:१०

फोटो बघितला, जवळपास सगळी उत्तरं त्यातच आहेत. गेली एकोणीस वर्षं दर हिवाळ्यात हे करतोय, एका वॉरनरच्या, म्हणजे ससे राखणाऱ्याच्या, नातवाकडून शिकलो, त्याने मला पहिला अख्खा हंगाम फक्त जाळी लावायला आणि गुंडाळायला ठेवलं होतं, फेरेटला हात लावू दिला नाही. तेव्हा राग आला होता.

तुमचं जाळं बिळावर तबल्याच्या चामड्यासारखं ताणलेलं आहे. ससा त्यावर आदळतो, जाळं त्याला परत ढकलतं, आणि तो मागे वळतो. पर्स नेट म्हणजे सशाला अडवणारी भिंत नाही, तो बटवा आहे. कडेच्या सगळ्या आसांतून, म्हणजे जाळ्याच्या डोळ्यांतून, एक दोरी फिरते, वर एक कडी, खाली एक कडी, आणि दोरीचं टोक खुंटीला. ससा जाळं अंगावर घेऊन पुढे जातो, खुंटी दोरीला धरून ठेवते, दोन्ही कड्या सरकत एकत्र येतात आणि बटव्याचं तोंड आवळतं. हे व्हायला जाळ्यात झोळ पाहिजे. झोळ नसेल तर ससा पुढे जाणारच नाही आणि तो पुढे गेला नाही तर बटवा मिटणार कसा.

लावायची रीत सांगतो. बिळाच्या तोंडाशी आलेल्या काड्या, मुळ्या, काटे आधी हळूच काढा, माती आत पडू देऊ नका, आवाज खाली जातो. खालची कडी बिळाच्या खालच्या ओठाच्या किंचित आत टेकवा. वरची कडी वरच्या बाजूला, खुंटीच्या रेषेत. जाळं मधोमध पसरा, बिळाच्या कडेपासून चारी बाजूंना वीतभर तरी बाहेर जायला हवं आणि कडा जमिनीला चिकटून बसल्या पाहिजेत, अधांतरी राहिल्या तर ससा तिथूनच नाक घालतो. मधला भाग सैल. मग दोरी दोनदा हाताने ओढून बघा, कड्या अडखळत नाहीत ना. तुमच्या फोटोत डावीकडच्या जाळ्याची कडी मुळीत अडकलीय, ते मिटणं शक्यच नव्हतं.

खुंटी. मऊ मातीत खुंटी ठोकली म्हणजे सशाने ती उपटायचीच. दीड किलोचं जनावर जिवाच्या आकांताने येतं. बांधावर बीळ असेल तर खुंटी बिळाच्या वर ठोकायची, ससा उताराकडे उडी घेतो आणि ओढ सरळ खुंटीवर येते, बाजूला ठोकली तर जाळं तिरकं मिटतं. माती भुसभुशीत असेल तर लांब खुंटी वापरा. आमच्याकडे नॉरफोकला वाळूच आहे, मी हेझलच्या फुटभर लांबीच्या खुंट्या करून घेतल्यात, दुकानातल्या प्लॅस्टिकच्या आखूड खुंट्या मी पहिल्याच वर्षी काढून टाकल्या.

आणि समोर उभं राहायचं नाही, बिळाच्या वर किंवा मागे राहायचं. ससा तोंडाशी येऊन थांबतो, बाहेर सावली दिसली की परत आत, आणि मग आत फेरेट त्याला कोंडीत धरते, बाहेर कोणीच येत नाही. पाय आपटायचे नाहीत, बोलायचं नाही, वारा अंगावर घेत जायचं. नवीन माणूस सगळ्यात जास्त ससे आवाजाने घालवतो.

दर्यावर्दी (रत्नागिरी), सोमवार दुपारी १:०५

सशांचं मला काही कळत नाही पण जाळ्याचं कळतं, घरात तीन पिढ्या तेच. नाना म्हणतात तो झोळ आमच्या गिलनेटमध्येही तसाच लागतो. वरच्या दोरीच्या लांबीपेक्षा जाळं बरंच जास्त घेऊन चुण्या घालत भरायचं, ताणून भरलंत तर मासा टक्कर देऊन मागे फिरतो, सैल असलं की गुंततो. ताई, तुमच्या जाळ्यात आस किती मोजून आहेत रुंदीला? आस म्हणजे जाळ्याचा एक डोळा. फोटोत मला चौदाच दिसतायत, एवढ्यात झोळ येणार कुठून, तुम्ही ताणून नसतं लावलं तरी ते ताणलंच गेलं असतं.

लाल_माती, सोमवार संध्याकाळी ६:३०

दादा मोजले, चौदाच आहेत! पाकिटावर फक्त लांबी लिहिली होती, रुंदी बघायची असते हे माहीतच नव्हतं. नाना, मग घ्यायची कुठली?

नॉरफोकचा_नाना, सोमवार रात्री ९:१५

दर्यावर्दी, डोळा चांगला आहे तुमचा.

ताई, लांबी साडेतीन फूट आणि रुंदीला अठरा आस, आस गाठीपासून गाठीपर्यंत दोन इंच, हे धरून चाला. सोळा आसही चालतात, पण अठराला झोळ छान येतो. तीन फुटी जाळी लहान बिळांना ठीक. बांधावरची जुनी, झिजून मोठी झालेली बिळं असतात त्यांच्यासाठी पाच-सहा चार फुटी वेगळी ठेवा. मोठं जाळं लहान बिळावर थोडं दुमडून लावता येतं, लहान जाळं मोठ्या बिळावर काही केल्या पुरत नाही.

सूत. नायलॉनमध्ये फोर-झेड, सिक्स-झेड, टेन-झेड असे प्रकार मिळतात, आकडा वाढला की सूत जाड. फोर-झेड बारीक, हलकं, खिशात पन्नास मावतील पण जरा वारा आला की उचलतं, आणि काड्याकाटक्यांत गुंतलं की सोडवता सोडवता बोटं गारठतात. नवशिक्याला मी टेन-झेडच सांगेन, हाताला मऊ, गुंता कमी, जमिनीवर पडून राहतं. हेम्पची जाळी सगळ्यात सुंदर बसतात, आपल्या अंबाडीच्या दोरीसारखं वजन असतं त्याला, पसरलं तिथे राहतं. पण ओलं हेम्प पिशवीत विसरलात की कुजलं. माझी स्वतःची तीस हेम्पची आहेत, पण मी घरी आल्यावर जेवणाच्या आधी ती दोरीवर वाळत घालतो. ज्याला हे जमणार नाही त्याने नायलॉन घ्यावं.

रंगाबद्दल लोक फार विचार करतात. पाठीमागे फेरेट असताना ससा रंग बघायला थांबत नाही. भडक केशरी नाहीतर पिवळं घ्या, म्हणजे संध्याकाळी एखादं जाळं बिळावर विसरून राहणार नाही. विसरलेलं जाळं म्हणजे रात्रभर अडकून पडलेला एखादा जीव, ससाच असेल असं नाही, साळिंदरासारखा तो हेजहॉगसुद्धा असेल. मी जाळी दहा-दहाच्या जुडीत बांधतो, निघताना मोजतो, येताना मोजतो. आकडा जुळला नाही तर अंधार झाला तरी परत जायचं.

आणि किती घ्यायची तर तुम्हाला नऊ बिळं दिसली म्हणजे तिथे चौदा असतील. दाट गवतात उभं, सरळ खाली जाणारं एखादं भोक असतं, बाहेर मातीचा ढीग नसतो, ससा ते आतून खणतो आणि जीव वाचवायला तिथूनच सुटतो. तुमचा तो निसटलेला ससा तिथूनच गेला. आदल्या दिवशी काठीने गवत बाजूला करत दोन्ही अंगांनी बांध चाला. पंचवीस जाळी घ्या.

माळावरचा (सांगोला), मंगळवार सकाळी ८:२०

वाचतोय. एक गोष्ट इथल्या पोरांसाठी लिहून ठेवतो, कारण असे धागे वाचून कोणीतरी उत्साहात येतं. आपल्या माळावरचा ससा वेगळा, तो बीळ करतच नाही, गवतात खळगा करून दबून बसतो, त्यामुळे फेरेटचा इथे उपयोगही नाही. आणि १९७२ च्या वन्यजीव कायद्याने त्याची शिकार गुन्हा आहे, जाळ्याने असो की कुत्र्याने.

बाकी ससे धरायचं एक लांब जाळंही असतं, त्याबद्दल नानांनी अजून लिहिलं नाही, फोटोत मी ते एकदा बघितलेलं, आणि मला एकदम आमच्या धनगरांची वाघर आठवली, मेंढ्या रात्री कोंडायला काठ्या रोवून जाळं लावतात ती. तसंच असतं का?

पक्षीवेडी (केंब्रिज), मंगळवार सकाळी ११:४५

मला थोडं विरोधात बोलायचंय. ससा म्हणजे शत्रू असं सरसकट धरू नका. १९५३ मध्ये मिक्सोमॅटोसिस हा सशांचा साथीचा रोग केंटमध्ये आला आणि ब्रिटनमधले जवळजवळ सगळे ससे मेले, पुढे १९९० च्या दशकात रक्तस्रावाचा तो दुसरा रोग आला, आणि मूळ घरी म्हणजे स्पेन-पोर्तुगालात तर हा ससा आता धोक्यात आलेल्या प्राण्यांच्या यादीत आहे. नॉरफोक-सफोकच्या ब्रेकलँड माळरानात आम्ही करवानक मोजायला जातो, त्या पक्ष्याला आखूड गवत आणि उघडी माती लागते आणि ती सशांनीच राखलेली असते. ससे कमी झाले तिथे गवत वाढलं आणि करवानक निघून गेले. तिथे आता ससे वाढावेत म्हणून लोक लाकडाचे ढीग रचून देतायत.

नॉरफोकचा_नाना, मंगळवार दुपारी १२:३०

तुमचं म्हणणं खरं आहे, मी त्याच ब्रेकलँडच्या कडेला राहतो. मध्ययुगात तिथे ससे मुद्दाम पाळायचे, मांसासाठी आणि कातड्यासाठी, थेटफर्डला वॉरनरचा दगडी वाडा अजून उभा आहे. मी माळावर जाळं लावत नाही. शेताच्या, बागेच्या कडेला, मालकाने बोलावलं तर जातो आणि पुरे म्हटलं की थांबतो. हीच तर जाळ्याची चांगली गोष्ट आहे, ससा जिवंत हातात येतो, कुठे थांबायचं ते आपल्या हातात राहतं.

लाल_माती, मंगळवार दुपारी २:१०

पक्षीवेडी, मलाही सगळे संपवायचे नाहीत. वरच्या कुरणात आहेत ते राहू देत. फक्त बागेच्या बांधावरचे.

गुरांचा_डॉक्टर (यॉर्कशायर), मंगळवार रात्री ८:५५

व्हेट आहे म्हणून लिहितो, हे भाग लोक घाईत सोडतात.

१) ससा जाळ्यात आला की सेकंदं मोजा. मान एका झटक्यात ताणून मोडायची पद्धत आहे, ती वाचून येत नाही, जाणत्या माणसाच्या शेजारी उभं राहून शिका. येत नसेल तोपर्यंत फेरेट सोडू नका. जाळ्यात असलेला प्राणी तुमच्या ताब्यात आहे, त्याचे हाल झाले तर २००६ चा प्राणी कल्याण कायदा लागू होतो, आणि कायदा नसता तरीही.

२) ससा काढला की त्याच बिळावर लगेच दुसरं जाळं. ते होईपर्यंत पाय बिळावर ठेवा. मागून दुसरा येतो तो याच क्षणी.

३) बीळ वीतभरापेक्षा रुंद आणि आडव्या डी अक्षरासारखं दिसलं तर ते बॅजरचं, म्हणजे बिळात राहणाऱ्या एका दणकट जनावराचं, असू शकतं. तिथून मागे फिरा. १९९२ च्या कायद्याने त्या बिळाला हात लावणंही गुन्हा, आणि आत तुमच्या फेरेटचं काय होईल ते सांगायला नको.

४) डोळे सुजलेला, आंधळा झालेला ससा आला तर तो मिक्सोमॅटोसिस. त्याला ताबडतोब मारा, सोडून देऊ नका.

५) फेरेटला डिस्टेंपरची लस द्या. आणि उपाशी ठेवून नेऊ नका, उपाशी फेरेट आत ससा मारून खात बसते आणि तिथेच झोपते.

मार्च उजाडला की थांबा. तेव्हा बिळात पिल्लं असतात.

लाल_माती, मंगळवार रात्री ९:३०

डॉक्टर, मनापासून आभार. शेजारचे आजोबा शिकवतील मान मोडायला, विचारलंय. पहिल्या दिवशीही त्यांनीच केलं होतं, मी नाही.

नाना, बांधाच्या टोकाला वीस-पंचवीस यार्ड नुसती ब्रॅम्बलची जाळी आहे, म्हणजे काटेरी झुडूप, आत बिळं दिसतायत पण हात जात नाही. तिथे काय?

नॉरफोकचा_नाना, बुधवार सकाळी ६:४५

तिथे लाँग नेट, म्हणजे माळावरच्यांची वाघरच. एकच फरक, वाघर ताठ असते कारण तिला मेंढी आत राखायची असते, हे सैल असतं.

पंचवीस, पन्नास, शंभर यार्डांची मिळतात. विकत घेताना विचारायचं ते एवढंच की दोरीवर जाळं किती भरलंय. पन्नास यार्डाच्या दोरीवर निदान पंचाहत्तर यार्ड जाळं पाहिजे. लोक स्वस्तात घेतात त्यात हाच झोळ चोरलेला असतो. दर्यावर्दींना हे नीट कळेल.

दोन्ही टोकांना मजबूत खुंट्या, मधे दर चार-पाच पावलांवर एक काठी, वरच्या दोरीचा काठीला एक वेढा, खालच्या दोरीचा एक वेढा, पुढे. उंची मांडीच्या मध्यापर्यंत आली की झालं. झुडपाला चिकटून लावू नका, चार-पाच पावलं सोडा, म्हणजे ससा वेगात येऊन आदळतो. सैल भाग झुडपाच्या बाजूला, खाली जमिनीवर पडलेला राहू दे, आणि खाली फट ठेवू नका. तुमच्या बांधाला दोन बाजू आहेत तर दोन जाळी लागतील, पंचवीसची दोन. आणि दोन टोकांना बांध आडवा तोडायला एकेक आखूड जाळं, नाहीतर ससे झुडपातल्या झुडपात आतूनच पळत जातात.

लाँग नेट बटव्यासारखं मिटत नाही, ससा गुंततो आणि धडपडत सुटतोही, म्हणून दोन माणसं लागतात, दोन्ही बाजूंना एकेक, आणि पायांना धावायची तयारी.

फेरेटच्या गळ्यात लोकेटर कॉलर घातल्याशिवाय ब्रॅम्बलमध्ये सोडू नका. आत झोपली तर कुठे आणि किती खोल ते यंत्र सांगतं, नाहीतर तुम्ही अंधार पडेपर्यंत बिळाशी हाका मारत बसाल. मी बसलोय, जानेवारीत.

दर्यावर्दी, बुधवार सकाळी १०:००

कळलं नाना. वरच्या दोरीवर दर फुटाला दीड फूट जाळं. आमच्याकडे याहून जास्तसुद्धा भरतात. ताई, विणायला शिकलात तर एक पर्स नेट दोन संध्याकाळींत होईल, सुई आणि दोन इंचाची पट्टी एवढंच लागतं.

किवी_देश (ऑकलंड), बुधवार सकाळी ११:२०

इकडून एक सावधगिरी. इथे १८८० च्या दशकात सशांवर उपाय म्हणून फेरेट आणून मोकळी सोडली, त्यांनी जमिनीवर राहणारे पक्षी संपवत आणले, २००२ पासून फेरेट विकणं-पैदास करणं बंद आहे. तुमच्याकडे चालतं ते हातात धरून, कॉलर घालून, मोजून परत आणल्यामुळे. हरवलेली फेरेट हरवली म्हणून सोडून देऊ नका.

पक्षीवेडी, बुधवार दुपारी ४:००

लाल माती, लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत चौदाव्या शतकातलं एक हस्तलिखित आहे, त्यातल्या एका चित्रात बायका फेरेट आणि जाळं घेऊन ससे धरतायत. तुमचा धागा वाचून ते परत काढून बघितलं. तेव्हाही जाळं बिळावर सैलच टाकलेलं दिसतं.

लाल_माती, पुढचा रविवार रात्री ८:१५

आजचं सांगते. टेन-झेडची साडेतीन फुटी वीस आणि चार फुटी पाच, सगळी केशरी. काल दुपारी मी आणि नवरा काठी घेऊन बांध चाललो, नऊ नाही सोळा बिळं निघाली, नानांनी सांगितलेलं सरळ खाली जाणारं भोकही मिळालं, माझ्या पायाखाली होतं, गवताने झाकलेलं. एक बीळ आडव्या डीसारखं दिसलं, बांधाच्या पार वरच्या टोकाला, तो सगळा भाग सोडून दिला, त्यामुळे अकराच उरली.

सकाळी दव होतं, वारा समोरून. एक अक्षर न बोलता अकरा जाळी लावायला चाळीस मिनिटं लागली. प्रत्येक कडी ओढून बघितली, तीन ठिकाणी परत लावावं लागलं. खुंट्या सगळ्या वरच्या अंगाला. मग एकच मादी आत सोडली आणि बिळांच्या वर उभी राहिले. जमिनीतून आधी धप धप असा आवाज पायांना जाणवतो, ते मला कोणी सांगितलं नव्हतं, अंगावर काटा आला.

पाच बाहेर आले, पाचही जाळ्यात. बटवा मिटतो तो खरंच एका श्वासात मिटतो. त्यातले दोन त्या लपलेल्या भोकातून, एकामागे एक, मधल्या वेळात पाय ठेवला म्हणून दुसरा राहिला. आजोबांनी शेजारी उभं राहून शिकवलं, चौथा आणि पाचवा मी केला. हात थरथरत होते पण झटका एकच लागला.

सहावा आतच राहिला आणि आम्ही तिथे थांबलो. फेरेट बाहेर आली, पाणी प्यायली, पेटीत झोपली. पंचवीस जाळी नेली होती, पंचवीस मोजून आणली.

ब्रॅम्बलला डिसेंबरात, पानं गळल्यावर. नाना, पंचवीस यार्डाचं एक जाळं बघून ठेवलंय, पण दुकानदार म्हणतो दोरीवर तीस यार्ड भरलंय. घेऊ नको ना?

नॉरफोकचा_नाना, रविवार रात्री ८:४०

नको. अडतीस भरलेलं मिळेपर्यंत थांबा. मिळालं नाही तर माझ्याकडचं पोस्टाने पाठवतो, हंगाम संपला की परत करा.